विस्तवाची कामं कोण करतं?

कच्च्या ब्रोकोलीचं सॅलड कसं करायचं हे सांगणारा माणूस पहिल्याच वाक्यात एक आश्वासन देतो: गॅस पेटवावा लागणार नाही. तुरे तोडा, अक्रोड-बदाम घाला, दाटसर ड्रेसिंग ओता आणि कालवा. या आश्वासनाकडे दोन प्रकारची माणसं ओढली जातात. एकांना वाटतं, विस्तव नाही म्हणजे कष्ट नाहीत. दुसऱ्यांना वाटतं, विस्तव नाही म्हणजे अन्नाचं सत्त्व जसंच्या तसं राहिलं. मला या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात, आणि दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे असंही वाटतं. विस्तव भाजीवर ठरावीक कामं करतो. तो तिचा ताठा मोडतो, कडवटपणा उतरवतो, सुगंध बाहेर काढतो, तिच्यावरचे जंतू मारतो, वेगवेगळ्या जिनसा एकजीव करतो. विस्तव काढून घेतला तरी ही कामं उरतातच. ती सुरीकडे जातात, मिठाकडे, आंबटाकडे, स्निग्धाकडे, वेळेकडे आणि सरतेशेवटी करणाऱ्याच्या समजेकडे. काही कामं तर दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीवर आधीच उरकलेली असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे सॅलड अमेरिकेतलं. ब्रोकोली मात्र तिथे इटालियन माणसांनी रुजवली. सिसिलीतल्या मेसिनाहून आलेल्या स्टेफानो आणि अँड्रिया डी'अॅरिगो या भावांनी 1920च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आसपास ती लावली आणि बर्फात घालून रेल्वेने थेट दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बोस्टनला पाठवली, कारण तिथे इटालियन वस्ती होती आणि गिऱ्हाईक पक्कं होतं. त्या घरांमध्ये ब्रोकोली खाल्ली जाई ती ऑलिव्ह तेलात, लसणीबरोबर, शिजवून. ती कच्ची ठेवून मेयोनेज, साखर, व्हिनेगर, लाल कांदा, मनुका आणि सूर्यफुलाच्या बियांबरोबर कालवणं हा अमेरिकन गृहिणींनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केलेला प्रकार. पुष्कळ घरी त्यात बेकनचे तुकडे आणि किसलेलं चेडर चीजही पडतं. चर्चमधल्या जेवणावळी, शेजाऱ्यांची सहभोजनं, उन्हाळ्यातल्या अंगणातल्या पंगती, जिथे प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा, तिथे हे सॅलड हटकून असतं.

ते तिथे का टिकलं याचं कारण ब्रोकोलीच्या अंगातच आहे. पालेभाजीच्या सॅलडवर ड्रेसिंग ओतलं की थोड्याच वेळात पानं मान टाकतात. म्हणून ते ऐन पानावर बसताना कालवावं लागतं. ब्रोकोलीचं उलट आहे. ती म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गड्डा. हजारो बारीक कळ्यांच्या फटींमध्ये ड्रेसिंग शिरून बसतं, देठ मात्र ताठ राहतात. आंबटाने वनस्पतीच्या पेशींच्या भिंती विरघळत नाहीत, उलट टणक राहायला मदतच होते. त्यामुळे आदल्या रात्री करून ठेवलेलं, गाडीतून नेलेलं, दोन तास झाकून ठेवलेलं सॅलड ताज्यापेक्षा चांगलं लागतं. ज्या बाईला सकाळी चर्चला जायचंय आणि दुपारी तीस माणसांच्या पंगतीत एक पदार्थ मांडायचाय, तिच्यासाठी हा गुण मोलाचा. विस्तवाचं एक काम, म्हणजे जिनसा एकजीव करणं, इथे वेळेने केलं.

ताठा मोडण्याचं काम सुरीचं, आणि या सॅलडात बहुतेक जण इथेच घसरतात. हॉटेलात मिळणाऱ्या सॅलडात लिंबाएवढे तुरे असतात. ते दिसायला देखणे, खायला शिक्षा. आतला देठ दाताखाली लाकडासारखा येतो, बाहेर ड्रेसिंग, आत नुसता हिरवा उग्रपणा. कच्ची खायची असेल तर ब्रोकोलीचा तुरा हरभऱ्याच्या दाण्याहून फार मोठा नको. जाड देठ टाकून द्यायचा नाही. त्याची बाहेरची धाग्याधाग्यांची साल जाड काढली की आतला गाभा नवलकोलासारखा गोडसर निघतो, त्याचे पातळ काप करावेत. मराठी स्वयंपाकघराला हे नव्याने शिकवायला नको. काकडी आपण कोचवतो, मुळा किसतो, पचडीसाठी कोबी विळीवर असा चिरतो की त्याची पट्टी दाभणासारखी बारीक यावी. कच्च्या भाजीचं शिजणं धारेवर अवलंबून असतं, हे ज्ञान आपल्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चारही भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत, ब्रासिका ओलेरासिया या. म्हणजे आजी कोबीची पचडी करताना जे करत होती ते ब्रोकोलीला लागू पडतं. ब्रोकोली फक्त परक्या कपड्यात आली, म्हणून आपण तिच्यापुढे आपली अक्कल बाजूला ठेवतो.

चिरण्याला आणखी एक अर्थ आहे आणि या पदार्थातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट तीच. 1992 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि युएशेंग झांग यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन नावाचा गंधकयुक्त पदार्थ वेगळा काढला. शरीरातली घातक रसायनं निष्प्रभ करणारी संरक्षक विकरं तो जागी करतो, असं त्यांना दिसलं. त्यानंतर ब्रोकोलीकडे औषध म्हणून पाहण्याची लाट आली. पण अखंड ब्रोकोलीत हा पदार्थ जवळजवळ नसतोच. असतो तो त्याचा पूर्वज, ग्लुकोराफॅनिन. आणि त्याच्यापासून दूर, वेगळ्या कप्प्यात, मायरोसिनेज नावाचं विकर. सुरी चालली, दात लागला, पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन तयार होतं. किडीने पान कुरतडताच तिच्या तोंडात तिखट जाळ उठावा म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. म्हणजे ब्रोकोली चिरणं ही फक्त तयारी नव्हे. पदार्थ तिथेच घडू लागतो.

विस्तव या घडण्याच्या आड येतो. मायरोसिनेज उष्णतेने मरतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आठ पुरुषांना 200 ग्रॅम कुटलेली ब्रोकोली एकदा कच्ची आणि एकदा शिजवून दिली. कच्च्यातल्या सल्फोराफेनपैकी सुमारे 37 टक्के अंगी लागलं, शिजवलेल्यातलं साडेतीन टक्क्यांच्याही आत. हे आकडे कच्चं खाणाऱ्यांना फार आवडतात. पण गोष्ट इथे संपत नाही. ब्रोकोलीत एक प्रथिन असतं, ते या प्रक्रियेला वाट चुकवतं आणि सल्फोराफेनऐवजी एक निरुपयोगी पदार्थ तयार करवतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की हे प्रथिन साधारण 60 अंश सेल्सियसलाच नामोहरम होतं, विकर मात्र तेवढ्या उष्णतेत टिकून राहतं. म्हणजे हलकी वाफ दिलेली ब्रोकोली या एका बाबतीत कच्चीला मागे टाकू शकते. विस्तवाला वैरी ठरवणाऱ्यांनी हेही वाचावं.

आणि मग मोहरी. रेडिंग विद्यापीठात झालेल्या प्रयोगात शिजवलेल्या 200 ग्रॅम ब्रोकोलीवर एक ग्रॅम मोहरीची पूड भुरभुरल्यावर अंगी लागणारं सल्फोराफेन चौपटीहून वाढलं, कारण ब्रोकोलीत मेलेलं विकर मोहरीत जिवंत होतं. प्रयोगातली तपकिरी मोहरी आपल्या डब्यात असते त्याच जातीची. आपल्याकडे ही मोहरी दोन तऱ्हांनी वापरली जाते आणि त्या दोन तऱ्हांमधला फरक हाच या सगळ्या लेखाचा पुरावा आहे. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, तिखट लागत नाही, कारण कढत तेलात तिचं विकर मरतं आणि झणका तयारच होत नाही. तीच मोहरी खलात गार पाण्याचा शिपका देत फेसली की नाकात जाते, डोळ्यांतून पाणी काढते. कैरीच्या लोणच्यात, रायत्यात आपण फेसलेली मोहरी घालतो. गोव्यात नि कोकणात पिकल्या आंब्याचं सासव करतात: ओलं खोबरं, मिरची आणि मोहरी वाटून त्यात आंबे, आणि पातेलं विस्तवावर चढवायचं नाही. विस्तव नको हा तिथे आळस नाही आणि व्रतही नाही. विस्तव लागला तर मोहरीचं काम बिघडेल, हे करणारीला ठाऊक असतं. विस्तव केव्हा टाळायचा हे कळणं म्हणजे स्वयंपाक येणं.

म्हणून ब्रोकोलीच्या ड्रेसिंगमध्ये मोहरी हवीच, आणि बाटलीतली गोडसर पेस्ट असण्यापेक्षा फेसलेली हवी. तिच्यातला चिकट अंश तेल आणि पाणी धरून ठेवायलाही मदत करतो. फेसताना गार पाणी घ्यावं, दहा मिनिटं तशीच राहू द्यावी, झणका चढल्यावर मगच लिंबू पिळावं. आंबट आधी पडलं तर विकर मंदावतं आणि मोहरी बोथट राहते.

कडवटपणाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. 1990 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश, थोरले, यांनी आपल्या विमानात ब्रोकोली आणायची नाही असं फर्मान काढलं. पत्रकारांनी विचारल्यावर त्यांनी सांगितलं की लहानपणी आईने खायला लावली म्हणून खाल्ली, आता आपण अध्यक्ष आहोत आणि आता ती खाणार नाही. शेतकऱ्यांनी निषेध म्हणून कितीतरी टन ब्रोकोली वॉशिंग्टनला पाठवून दिली. सगळा देश हसला, पण मला त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते. जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या एका जनुकात माणसामाणसांत फरक असतो. त्या जनुकाचं एक रूप ज्यांच्याकडे असतं त्यांना ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्या इतरांपेक्षा खरोखर जास्त कडू लागतात. घरातलं मूल ब्रोकोली थुंकतं तेव्हा ते हट्टी असेलच असं नाही. तुम्हाला जे लागतच नाही ते त्याला लागत असेल.

अशा जिभेसाठी विस्तव न वापरता काय करता येतं? पहिलं उत्तर मीठ. मीठ कडवटपणा दाबतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालं आहे, आणि साखरेपेक्षाही ते या कामात सरस ठरतं. चिरलेल्या ब्रोकोलीला मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. काकडीइतकं पाणी सुटत नाही, पण कळ्या मऊ होतात आणि उग्रपणा उतरतो. दुसरं उत्तर गोड. अमेरिकन घरगुती कृतींमध्ये वाटीभर मेयोनेजला पाव वाटी साखर सहज असते, कधी त्याहूनही जास्त. मला ते फार वाटतं. तेवढी साखर भाजीची चव झाकते आणि मग ब्रोकोली कशाला हवी असा प्रश्न पडतो. मूठभर बेदाणे किंवा डाळिंबाचे दाणे पुरतात, कारण त्यांचा गोडवा घासाघासाला भेटतो, सगळ्या वाडग्यावर पसरत नाही. तिसरं आणि सर्वांत मोठं उत्तर म्हणजे स्निग्ध पदार्थ.

इथे मला जरा ठामपणे बोलायचंय, कारण आपल्या शहरांत सॅलडचा संबंध फक्त वजनाशी जोडला गेला आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सॅलड, लग्नाचं जमलं म्हणून सॅलड, आणि त्यात तेलाचा थेंब नको, काजू तर नकोच. आयोवा स्टेट विद्यापीठात 2004 साली झालेला प्रयोग अशांनी लक्षात ठेवावा. पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचं एकच सॅलड तीन ड्रेसिंगबरोबर दिलं: एकात तेल अजिबात नाही, एकात 6 ग्रॅम, एकात 28 ग्रॅम. तेल नसलेलं सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात गाजर-टोमॅटोतली कॅरोटिन द्रव्यं जवळपास उतरलीच नाहीत. 28 ग्रॅमवाल्यांत सर्वांत जास्त उतरली. ब्रोकोलीतलं कॅरोटिन, ल्युटीन आणि के जीवनसत्त्व हेही स्निग्धात विरघळणारं. तेव्हा दाटसर ड्रेसिंग आणि सुकामेवा हा या सॅलडावरचा चैनीचा थर नाही, भाजी अंगी लागायची तर तो लागतोच. कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं घालणाऱ्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, तरी ताटातली ही बेरीज त्यांनी बरोबर मांडली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात 35 ग्रॅम सुकामेवा आणि तेलबिया धरल्या आहेत. सॅलडमधले मूठभर अक्रोड त्या हिशेबातच बसतात.

आता शुद्धतेच्या समजुतीकडे वळतो. विस्तव आपल्या घरात पेटला नाही म्हणजे तो पेटलाच नाही, असं नसतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, चंदगड इकडचा काजू घ्या. काजूच्या टरफलात कातडी जाळणारा तेलकट द्रव असतो. त्यामुळे बिया आधी भाजाव्या किंवा वाफवाव्या लागतात, मग टरफल फोडायचं, मग गर पुन्हा गरम हवेत सुकवून साल सोडवायची. दुकानातला पांढराशुभ्र ‘कच्चा’ काजू असा उष्णतेतून एकदा नव्हे, दोनदा गेलेला असतो. आणि तो फोडणाऱ्या, सोलणाऱ्या बहुतेक बायका असतात, त्यांच्या बोटांवर त्या द्रवाचे डाग असतात. कॅलिफोर्नियाचे बदाम पाहा. 2001 आणि 2004 साली कच्च्या बदामांतून साल्मोनेलाची लागण पसरली, तेव्हा 2007 पासून तिथल्या बदामांचं निर्जंतुकीकरण सक्तीचं झालं, वाफेने किंवा रसायनाने. तरीही तिथल्या दुकानात ते कच्चे म्हणूनच विकले जातात. दही तर आपण दूध उकळूनच विरजतो. कारखान्यातल्या मेयोनेजमधलं अंडं तापवून निर्जंतुक केलेलं असतं. या सॅलडात खरोखर कच्चं आहे ते ब्रोकोली, कांदा, मोहरी आणि लिंबू एवढंच. बाकी बहुतेक गोष्टींचा विस्तव दुसऱ्या कुणीतरी सोसला आहे, आणि त्या कष्टांचा हिशेब शुद्धतेच्या बढाईत कुठेच येत नाही.

यात वाईट काहीच नाही. तो विस्तव वगळला तर काय होतं हेही आपण पाहिलं आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमधून विषबाधा होते म्हणून केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये त्यावर बंदी घातली. तेव्हा घरी हे सॅलड करताना कच्चं अंडं फेटून मेयोनेज करायच्या फंदात पडू नये. मला स्वतःला मेयोनेजपेक्षा चक्का आवडतो. रात्रभर फडक्यात टांगलेलं दही, त्यात कोमट पाण्यात तासभर भिजवून गंधासारखे वाटलेले काजू, फेसलेली मोहरी, लिंबाचा रस, मीठ, किंचित मध. अमेरिकेत मेयोनेजमध्ये निदान 65 टक्के तेल असावं असा नियम आहे. चक्का-काजूच्या ड्रेसिंगमध्ये स्निग्धांश त्याहून खूपच कमी, पण काजू आणि अक्रोड मिळून तो पुरेसा होतो. चव वेगळी येते हे खरं. हे मूळच्या सॅलडाची नक्कल नाही, त्याच विचारातून निघालेला दुसरा पदार्थ आहे, आणि तो आपल्या रायत्याच्या फार जवळ जातो.

ब्रोकोलीची स्वच्छता हा मात्र टाळता न येणारा भाग. पुणे-नाशिक पट्ट्यात थंडीच्या दिवसांत पिकणाऱ्या ब्रोकोलीवर मावा असतो आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या असतात. रंग कळ्यांचाच, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. शिजवायच्या भाजीत एखादी निसटली तर विस्तव निस्तरतो. कच्चीत निस्तरणारं कुणी नाही. तुरे आधी मोडावेत, मिठाच्या कोमट पाण्यात उलटे बुडवून पंधरा मिनिटं ठेवावेत, मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवावेत, आणि कोरडे करावेत, अगदी कोरडे. ओल्या कळ्या ड्रेसिंग धरत नाहीत, ते पातळ होऊन वाडग्याच्या तळाशी जातं आणि वर नुसती ब्रोकोली उरते. पंचाने टिपून पंख्याखाली पसरून ठेवणं हा उपाय मला सगळ्यांत खात्रीचा वाटतो. ज्यांची पोटं नाजूक आहेत, गरोदर बायका, वयस्कर माणसं, त्यांच्यासाठी मी तुऱ्यांना दोन-तीन मिनिटं वाफ देईन आणि त्यात माझं काही चुकतंय असं मला वाटणार नाही. मोहरी आहेच.

वाफ देण्यात चूक न वाटण्यासाठी कच्च्या अन्नाचं तत्त्वज्ञान जरा बाजूला सारावं लागतं. ते तत्त्वज्ञान आपल्याकडे नवं नाही. 1929 साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला आणि ‘यंग इंडिया’त त्याचा तपशील छापला. आहारात होता मोड आलेला गहू आठ तोळे, बदामांचा लगदा आठ तोळे, कुटलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबं आणि मध. हा तपशील वाचताना मी थबकतो, कारण कच्ची हिरवी भाजी, वाटलेला सुकामेवा, लिंबू आणि मध, म्हणजे जवळपास हेच सॅलड झालं. फरक उद्देशाचा. गांधीजींना इंधन, वेळ आणि जिभेचे चोचले या तिन्हींपासून माणसाची सुटका हवी होती; चुलीशी जखडलेल्या बाईचा विचारही त्यामागे होता. प्रयोग काही महिन्यांत आमांशामुळे सोडावा लागला, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या सचोटीबद्दल मला अपार आदर आहे. पण प्रयोगाचा निकालही तितक्याच आदराने मान्य करायला हवा. जर्मनीतल्या गिसेन इथे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे 30 टक्के बायकांची मासिक पाळी अनियमित किंवा बंद झालेली आढळली. हार्वर्डचे रिचर्ड रँगहम यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात पुढचं पाऊल टाकलं: विस्तवावर शिजवलेल्या अन्नानेच आपलं पोट लहान आणि मेंदू मोठा केला, असा त्यांचा सिद्धान्त. तो सर्वांना मान्य नाही. पण माणसाचं शरीर निव्वळ कच्च्यावर नीट चालत नाही, याबद्दल वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही.

म्हणून मला मराठी ताटाची मांडणी शहाणपणाची वाटते. कच्चं डाव्या बाजूला, थोडं, पण रोज. वाटण्या-चटण्यांच्या शेजारी कोशिंबीर, आणि उजवीकडे शिजवलेली भाजी, आमटी. अमेरिकन पंगतीतही ब्रोकोलीचं सॅलड असंच असतं, गरम पदार्थांच्या रांगेत एक गार, कुरकुरीत घास म्हणून. त्याला उचलून संपूर्ण रात्रीचं जेवण करणं ही पुढची गोष्ट, आणि तिच्यामुळे ना पोट भरतं, ना मन. भाकरी आणि मुगाच्या आमटीबरोबर वाटीभर ब्रोकोली खाणाऱ्याला या पदार्थाचं सगळं मिळतं.

राहता राहिला कष्टांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गॅस पेटला नाही म्हणून काम झालंच नाही असं घरातल्या बाकीच्यांना वाटतं. शिजवण्याला निदान वास असतो, आवाज असतो, कुकरची शिट्टी असते. कुणीतरी राबतंय हे दुसऱ्या खोलीत कळतं. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं, कळ्या वेगळ्या करणं, फडक्यावर पसरणं, देठ सोलणं, चक्का आदल्या रात्री टांगणं, काजू वेळेत भिजत घालणं, मोहरी फेसणं, ही सगळी मूक कामं. कुणाला ऐकू येत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत. मग “आज काही केलं नाही, नुसतं सॅलड केलंय” असं करणारीही स्वतःच म्हणते. हे वाक्य मला खटकतं. विस्तव असतो तेव्हा निम्मं काम तो करतो आणि आपण बाजूला उभं राहू शकतो. इथे बाजूला उभं राहायची सोयच नाही, प्रत्येक गोष्ट हाताखालून जाते. ज्या घरात मुलगे नि बाप्ये “मला गॅसपाशी काही येत नाही” म्हणून सुटतात, त्या घरात हा पदार्थ त्यांच्याकडे सोपवावा. भाजण्याचं भय नाही, करपण्याचं नाही, आणि काम भरपूर आहे.

कृती सांगणाऱ्यांनी मग वेळही खरी सांगावी. ‘दहा मिनिटांत तयार’ हे फक्त कालवण्याबद्दल खरं. अर्धा किलोच्या गड्ड्याला बुडवून ठेवणं, धुणं आणि कोरडं करणं यात अर्धा-पाऊण तास जातो. चिरायला, मोहरी फेसायला नि ड्रेसिंग वाटायला पंचवीस मिनिटं. मीठ लावून ठेवायला वीस. आणि सगळं कालवल्यावर फ्रिजमध्ये मुरायला निदान अर्धा तास. कांदा पातळ चिरून थोडा वेळ गार पाण्यात टाकला तर त्याची धार उतरते. अक्रोड मात्र शेवटी घालावेत, नाहीतर ते दमट होतात. लिंबाबद्दलही सावध राहावं: आंबटाने हिरवा रंग हळूहळू मळकट होतो, त्यामुळे निम्मा रस ड्रेसिंगमध्ये आणि निम्मा वाढताना. फ्रिजबाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नियम आहे, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर त्यांच्याच हिशेबाने एकच तास. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हे सॅलड बाहेर मांडूच नये. ब्रोकोलीही तेव्हा चांगली मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा गड्डा घट्ट, निळसर हिरवा आणि स्वस्त असतो, तेव्हा करावं. पाहुणे आठला जेवायला बसणार असतील तर चक्का आदल्या रात्री टांगलेला असावा आणि ब्रोकोली साडेपाचला मिठाच्या पाण्यात पडलेली असावी.